आमच्या मालिकांना नावं ठेवू नका: महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांना एका प्रेक्षकाचं खुलं पत्र

दि. १० जानेवारी २०२६

प्रति,
सर्व पक्षांचे अध्यक्ष, प्रवक्ते आणि महापालिकेचे उमेदवार यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री जेवणं उरकून टीव्हीसमोर बसले होते. माझ्या मालिकेला अजून दहा मिनिटं होती, म्हणून बातम्या लावल्या. तुमच्यापैकी एका पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, "समोरच्यांची आघाडी म्हणजे नुसती सासू-सुनेची मालिका झालीय." समोरचे कसले ऐकतात! ते म्हणाले, "तुमच्याकडे तर रोज नवा एपिसोड असतो." निवेदिका हसली, दोघे प्रवक्तेही हसले. मला काही हसू आलं नाही.

गेली सहा वर्षं हे ऐकतेय. पहाटेचा शपथविधी झाला, तेव्हा म्हणालात मालिका. आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, तेव्हाही मालिका. आता महापालिकांच्या तिकीटवाटपात रडारड झाली, तर पुन्हा तेच. राजकारणाचा कचरा झाला की तो टाकायला आमच्या मालिकांचं अंगण बरं सापडतं तुम्हाला! चाळीस वर्षं मालिका बघणारी बाई म्हणून मला हे मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका आहे. चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यात नऊ निवडणुकांना ड्यूटी लागली. त्यामुळे मालिका आणि मतदान, दोन्ही मी आतून-बाहेरून पाहिलंय. १३ ऑक्टोबर २००४ चा विधानसभेचा दिवस तर अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरली. खोलीत आम्ही कर्मचारी आणि भिंतीलगतच्या बाकावर दोन विरोधी पक्षांचे पोलिंग एजंट. सकाळपासून एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. एकाने डबा उघडला, मेथीची भाजी आणि भाकरी. दुसऱ्याने हळूच विचारलं, "काल 'वादळवाट' बघितली का? स्लिपा वाटायच्या नादात माझी राहिली. रमाचं काय झालं?" पहिल्याने भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि कालचा भाग सांगायला सुरुवात केली. आमचे केंद्राध्यक्ष टेबलावरून ओरडले, "इथं चर्चा नकोय!" दोघे गप्प झाले. मिनिटभराने केंद्राध्यक्षच खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आमच्याकडे काल लाइट नव्हती. जरा पहिल्यापासून सांगा."

मालिका अशी माणसं एका बाकावर आणायची. तुम्ही त्याच मालिकेचं नाव घेता ते एकमेकांना हिणवायला.

आणि तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण मालिका या देशात आणली ती तुमच्याच गोतावळ्यातल्या माणसाने. वर्ध्याचे खासदार वसंत साठे माहिती आणि प्रसारण मंत्री असताना मेक्सिकोला गेले. मनोरंजनातून समाजाशी बोलणाऱ्या मालिका त्यांनी तिथे पाहिल्या आणि तो विचार डोक्यात घेऊन परतले. त्यातून १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमच्या चाळीत एकच टीव्ही, तोही काळा-पांढरा. मालिकेच्या वेळी त्या घरातल्या लोकांनाच बसायला जागा उरायची नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि झालेल्या प्रकाराबद्दल आमच्याशी बोलायचे. लोकांनी त्या मालिकेला लाखो पत्रं लिहिली. मीही एक लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण तक्रार नाही. घडलं ते का घडलं हे सांगायला कुणीतरी समोर येत होतं, एवढं पुरे होतं.

पुढे येणं-जाणंही कमी झालं नाही. 'रामायण'मधल्या सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, १९९१ साली गुजरातेतून लोकसभेत गेले. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठहून निवडून आले. 'महाभारत'मधले श्रीकृष्ण नितीश भारद्वाज १९९६ ला जमशेदपूरचे खासदार झाले. पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज उभे करणारे अमोल कोल्हे शिरूरमधून दोनदा लोकसभेत गेले. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधली तुळशी, स्मृती इराणी, केंद्रात मंत्री झाल्या, २०२४ ला अमेठीत हरल्या आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा तुळशी होऊन विराणींच्या घरी परतल्या. मला त्याचं काही वावगं वाटत नाही. माणसं खुशाल न्या, परत पाठवा. मात्र नेताना आमच्याकडचे नियम इथेच ठेवून जाता, हे दुखणं आहे.

हो, नियम होते. शाळेत बाई होते, तेव्हा मुद्देसूद सांगते. राग मानू नका.

पहिली तक्रार 'मागील भागात'ची. कुठलीही मालिका घ्या, सुरुवातीला आधी काय घडलं त्याचे तुकडे दाखवतात. काल न बघितलेल्यालाही कळलं पाहिजे, हा त्यामागचा साधा मान. आमच्या प्रभागात गेल्या पंधरवड्यात अकरा पत्रकं आली. सगळी गुळगुळीत कागदावर, सगळ्यांवर हात जोडलेले फोटो. त्यातल्या दोन उमेदवारांना मी २०१७ साली वेगळ्या पक्षात पाहिलंय. एकाला तर त्याहीआधी तिसऱ्याच. पत्रकात याची एक ओळ नाही. पक्ष बदलू नका असं मी म्हणत नाही, कारणं असतील. पण ती सांगा की! 'क्योंकि'मध्ये तुळशीच्या नवऱ्याचं, मिहीरचं काम करणारा नट दोनदा बदलला. आम्ही कुरकुरलो आणि नवा चेहरा स्वीकारला, कारण पात्र तेच होतं, नाती तीच होती. तुमच्याकडे उलट आहे. चेहरा तोच राहतो आणि पात्र बदलतं. २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेत एकच गृहस्थ तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री झाले. आमच्या लेखकाने असं लिहिलं असतं, तर वाहिनीने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

दुसरी तक्रार लांबण लावण्याची, आणि ती मी जरा सविस्तर करणार आहे.

'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं बाळंतपण लांबलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. फोनवर किती चुटके आले त्याची गणती नाही. 'चार दिवस सासूचे' बारा वर्षांच्या आसपास चालली, तीन हजारांवर भाग झाले, तर 'चार दिवस' म्हणजे नेमके किती असं लोक विचारायचे. बरं, मग आता मी विचारते. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान १५ जानेवारी २०२६ ला आहे. मधली जवळजवळ चार वर्षं कुठे गेली? आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, सगळं वाचलंय मी. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान धरला आणि नंतर मुदत वाढवून देत ३१ जानेवारी २०२६ ची वेस आखली, तेव्हा कुठे गाडी हलली. या चार वर्षांत तुमच्यातले बहुतेक सगळे कधी ना कधी सत्तेत बसून गेले. त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवू नका, वर्गात बोट दाखवणारी दोन्ही मुलं मी बाहेर उभी करायची.

याचा माझ्या घराशी काय संबंध, ते सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या चेंबरचं झाकण २०२२ च्या पावसाळ्यात तुटलं. पूर्वी असं काही झालं की मी सकाळी नगरसेवकाच्या दारात जायचे. तो पक्का बेरकी होता, पण चहा द्यायचा आणि चार दिवसांत माणूस पाठवायचा, कारण त्याला पुन्हा माझ्याच दारात यायचं असायचं. आता नगरसेवकच नव्हता. अर्ज दिला, पोच घेतली. साहेब बदलले, पुन्हा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या मुलाने सांगितलं, "मॅडम, बॉडी आली की बघू." बॉडी म्हणजे निवडून आलेलं सभागृह, हे मला माहीत होतं. शेजारच्या वहिनींना नव्हतं, त्या दचकल्याच. आम्ही त्या भोकात आधी झाडाची फांदी उभी केली. ती वाळली. मग कुणीतरी ट्रकचा जुना टायर आणून ठेवला. चार पावसाळे तो टायर तिथे आहे. गणपतीत मुलांनी त्याला पिवळा रंग दिला, रात्री दिसावा म्हणून.

तेव्हा लांबण लावण्यावरून मालिकेची टिंगल करताना जरा सांभाळून. जान्हवीचं बाळंतपण लांबलं म्हणून कुणाचा पाय मोडला नाही.

नगरपालिकांचं तर आणखी न्यारं. २ डिसेंबरला मतदान झालं, ३ ला मोजणी होणार होती, ती गेली २१ वर. मतं यंत्रात बंद आणि गाव अठरा दिवस श्वास रोखून. इतका ताणलेला सस्पेन्स आमच्या शुक्रवारच्या भागालाही कधी जमला नाही.

तिसरी तक्रार महासंगमाची. दोन मालिकांची पात्रं एका लग्नात भेटतात त्याला वाहिन्या 'महासंगम' म्हणतात. आठवडाभर आधी प्रोमो दाखवतात, मग भेट होते. तुमचे महासंगम निकालानंतर होतात, प्रोमोशिवाय. याच आठवड्यात अंबरनाथमध्ये भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आल्याचं वाचलं. अकोटमध्ये भाजपसोबत एमआयएम. दोन्हीकडे वरून डोळे वटारले गेले, निलंबनाच्या बातम्या आल्या, हे खरं. पण ज्यांनी एकमेकांना हरवण्यासाठी मतं मागितली, त्यांच्या मतदाराने आता कुणाकडे बघायचं? तशीच गत आघाड्यांची. एका शहरात जे गळ्यात गळे घालतात, तेच दुसऱ्या शहरात एकमेकांविरुद्ध सभा घेतात. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही राष्ट्रवादी एकत्र, बाकी ठिकाणी विचारायलाच नको. माझा भाचा दुसऱ्या शहरात राहतो. फोनवर बोलताना आम्ही आधी ठरवून घेतो की आज कुठल्या गावच्या युतीबद्दल बोलतोय.

चौथी आहे डबल रोलची. मालिकेत हरवलेली जुळी बहीण येते, तेव्हा प्रेक्षकाला निदान माहीत असतं की ही जुळी आहे. लोकसभेला दिंडोरीत भास्कर भगरे सरांसमोर त्यांच्याच आडनावाचे एक अपक्ष उभे होते. सरांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि या अपक्षांच्या चिन्हाचं मराठी नावही तुतारी. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. सर तरीही जिंकले, म्हणून गोष्ट विसरली गेली. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी आयुष्यभर एकाच चिन्हावर बोट ठेवलं. २०२४ ला केंद्रातून बाहेर आल्या तेव्हा रिक्षात गप्प बसून होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "चिन्ह आपलं होतं गं, पण माणूस कोण होता?" कुठलं चिन्ह ते मी सांगणार नाही, गुप्त मतदान आहे. पण या राज्यात असे किमान दोन पक्षांचे मतदार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे.

आता थोडक्यात दोन. एक, मालिकेत नट जेवतात तेही खोटं खोटं. पुण्यात एका उमेदवाराने आपल्याच पक्षाच्या दुसऱ्याचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, फाडून गिळल्याची बातमी आली. खरंखोटं तुम्ही बघा. पण असा प्रसंग आमच्याकडे लिहिला असता तर तुम्हीच 'काहीही दाखवतात' म्हणाला असतात. दोन, बिनविरोध. मतदानाच्या आधीच अनेक ठिकाणी गुलाल उधळला गेला. पहिल्या भागाआधीच मालिका संपली! त्या प्रभागातल्या मतदाराला नोटाचंही बटण दाबता आलं नाही. माघार घेणाऱ्यांनी का घेतली हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

पाचवी तक्रार तुमच्याकडे आणि वाहिन्यांकडे मिळून आहे. मालिका साबणाच्या पैशावर वाढली, ते 'सोप ऑपेरा' या इंग्रजी नावातच आहे. मधल्या वेळेत साबण विका, तेल विका, मला चालतं. त्या वेळात मी कुकर लावते. पण कथेत घुसू नका. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी 'भाभीजी घर पर हैं' आणि 'तुझसे है राब्ता' या हिंदी मालिकांतली पात्रं सरकारी योजनांचं गुणगान करू लागली. तक्रार झाली आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडून नोटिसा गेल्या. २०२४ च्या विधानसभेला मराठी मालिकांच्या दृश्यांत मागे सत्ताधारी पक्षाची जाहिरात डोकावते, अशी तक्रार काँग्रेसने आयोगाकडे केली. पक्ष आज हा असेल, उद्या तो. सून रडतेय आणि तिच्या खांद्यामागे तुमचं चिन्ह, हे बघायला मी बसत नाही.

तुम्ही म्हणाल, मालिका काय कमी खोट्या असतात? असतात ना! मेलेला मिहीर परत आला, तेव्हा मीच घरात ओरडले होते. पण तो परत आला, कारण बघणाऱ्यांनी गलका केला आणि लिहिणाऱ्यांनी ऐकलं. 'आभाळमाया'त सुधा जोशींनी नवऱ्याला माफ करावं की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. विज्ञानाच्या बाई आणि मी आठवडाभर बोलत नव्हतो. त्या भांडणात आम्ही सुधाबद्दल कमी आणि स्वतःच्या घरांबद्दल जास्त बोललो, हे आता कळतं. दुपारी दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची. ती पत्रकार होती, जाब विचारायची. माझ्या वर्गातल्या किती मुलींनी 'मला दामिनी व्हायचंय' असं वहीत लिहिलं होतं. तुमच्या गेल्या सहा वर्षांच्या मालिकेतलं कोण व्हायचंय, असं आजच्या वर्गात विचारून बघा.

माझ्या मागण्या अवघड नाहीत.

प्रत्येक उमेदवाराने पत्रकाच्या मागच्या बाजूला 'मागील भागात' असं लिहून आपल्या आधीच्या निवडणुका छापाव्यात. साल, पक्ष, चिन्ह आणि तेव्हा दिलेली आश्वासनं. अर्धं पान पुरे.

निकालानंतर ज्याच्याविरुद्ध मतं मागितली त्याच्याशी हात मिळवायचा असेल, तर महिन्याच्या आत प्रभागात उघडी सभा घ्या, कारण सांगा आणि प्रश्न घ्या. शाळेचं पटांगण मिळतं, मी मुख्याध्यापकांशी बोलेन.

कुठल्याही महापालिकेवर किंवा जिल्हा परिषदेवर मुदत संपल्यावर सहा महिन्यांच्या पुढे प्रशासक राहू देणार नाही, हे सर्व पक्षांनी एकत्र सही करून जाहीर करावं. एरवी एकत्र येताच.

समोरच्याच्या नावाचा माणूस शोधून उभा करणं बंद करा. कोण करतं हे कुणीच कबूल करत नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगतेय.

मालिकेच्या कथेत प्रचार शिरवू नका. वाहिन्यांनीही पैसे घेऊन काही दाखवलं, तर तसं पडद्यावर लिहावं.

आणि टीव्हीवर भांडताना एकमेकांना दुसरी काहीतरी उपमा द्या. मराठीत म्हणींना तोटा नाही. 'आपलं ठेवावं झाकून' हीच घ्या, चपखल बसेल.

उत्तर द्यायचं असेल तर असंच जाहीर द्या. १९८४ चं एक उत्तर यायचं बाकी आहे, आणखी एकाची वाट बघायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि नियमित प्रेक्षक

ता. क. प्रचार मंगळवारी संपतोय, म्हणजे अजून तीन संध्याकाळी तुमच्या रिक्षा आमच्या गल्लीत येणार. आठ ते साडेआठ भोंगा बंद ठेवलात तर उपकार होतील. वळताना डावीकडून घ्या. पिवळा टायर दिसेल, त्याच्या खाली झाकण नाही.